आधी बायको गेली : १९६४ ची ‘लेडी बर्ड स्पेशल’

१९६४ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन निवडणूक हरतील असं अमेरिकेत फारसं कुणी म्हणत नव्हतं. केनेडींच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं, सहानुभूती ओसरली नव्हती, आणि रिपब्लिकन पक्षाने उभे केलेले बॅरी गोल्डवॉटर त्यांच्याच पक्षातल्या मवाळांना पचत नव्हते. जॉन्सन यांना खुपत होतं ते वेगळंच. देश जिंकताना आपण आपलं घर, म्हणजे दक्षिण, गमावणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

उमेदवाराच्या पत्नीने प्रचारात नेमकं काय करायचं असतं, ही चर्चा निघाली की गाडी हटकून हिलरी क्लिंटन किंवा मिशेल ओबामांपाशी थांबते. मला त्यासाठी १९६४ चं हे प्रकरण, म्हणजे जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी रेल्वेने केलेला दक्षिणेचा प्रचारदौरा, जास्त उपयोगाचं वाटतं. इथे पत्नी एक ठरावीक राजकीय काम अंगावर घेऊन निघाली होती. ते काम कुठवर झालं आणि कुठे अडलं, हे राज्यवार निकाल समोर ठेवून तपासता येतं. अशी संधी या विषयात क्वचित मिळते. एरवी उमेदवाराच्या बायकोबद्दलचं लिखाण तिच्या कपड्यांवर सुरू होतं आणि तिच्या त्यागावर संपतं.

पेच

यादवी युद्ध संपल्यापासून दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांचं डेमोक्रॅटिक पक्षाशी पिढीजात नातं होतं. रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, उत्तरेच्या फौजांचा पक्ष, अशी तिथली धारणा. १९४८ पासून ही घडी विसकटायला लागली होती. व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा १९५२, १९५६ आणि १९६० अशा सलग तीन वेळा रिपब्लिकनांकडे गेले होते. तरी जॉर्जियासारखं राज्य राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तोवर एकदाही रिपब्लिकन पक्षाला मिळालं नव्हतं.

२ जुलै १९६४ ला जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलं, खानावळी, नाट्यगृहं, नोकऱ्या अशा सगळ्या ठिकाणचा वर्णभेद त्या कायद्याने बेकायदा ठरला. आपण दक्षिण बऱ्याच काळासाठी रिपब्लिकनांच्या हवाली केली, असं जॉन्सन त्यानंतर आपल्याला म्हणाल्याचं त्यांचे तरुण सहायक बिल मॉयर्स पुढे सांगत. गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. विरोध करणारे रिपब्लिकन सिनेटर सगळे मिळून सहाच होते, त्यांतले ते एक. आपला आक्षेप घटनात्मक आहे असं ते सांगत. दक्षिणेतल्या गोऱ्यांना त्या बारकाव्याशी काही देणंघेणं नव्हतं. १६ सप्टेंबरला दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले. अलाबामात तर मतपत्रिकेवर जॉन्सन यांचं नावच नव्हतं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने राष्ट्राध्यक्ष निवडून देणाऱ्या, पण कुणालाही बांधील नसलेल्या प्रतिनिधींची (इलेक्टरांची) यादी उभी केली होती. म्हणजे विद्यमान राष्ट्राध्यक्षाला मत द्यायची इच्छा असली, तरी तिथल्या मतदाराला ते देता येत नव्हतं.

मग करायचं काय? दक्षिण सोडून द्यायची, हा एक मार्ग. आकड्यांच्या हिशेबात तो चुकीचा नव्हता, कारण तिच्यावाचूनही बहुमत मिळत होतं. पण जॉन्सन टेक्सासचे, आणि ‘आम्हाला वाऱ्यावर सोडलं’ ही भावना एकदा रुजली की पुढची कित्येक वर्षं ती निघत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतः जायचं, हा दुसरा मार्ग. डॅलसमधल्या केनेडींच्या हत्येला जेमतेम अकरा महिने होत होते. शिवाय ज्याच्या सहीने कायदा झाला, तोच समोर उभा राहिला की सभा त्या कायद्याची होणार. त्यांच्याबरोबर व्यासपीठावर यायला स्थानिक नेते धजावले नसते. तिसरा मार्ग उपाध्यक्षपदाचे उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री यांना पाठवण्याचा. पण हे गृहस्थ मिनेसोटाचे, आणि १९४८ च्या पक्षाधिवेशनात नागरी हक्कांवरच्या ज्या भाषणानंतर दक्षिणेतले प्रतिनिधी उठून निघून गेले, ते भाषण यांचंच. त्यांना पुढे करणं म्हणजे आगीत तेल.

उरल्या लेडी बर्ड.

माहेर

क्लॉडिया आल्टा टेलर हे त्यांचं खरं नाव. लेडी बर्ड हे लहानपणी सांभाळणाऱ्या बाईने ठेवलेलं, ते जन्मभर चिकटलं. जन्म १९१२ चा, पूर्व टेक्सासातल्या कार्नॅक गावचा. हा टेक्सासचा भाग चित्रपटांतल्या घोडेस्वारांचा नव्हे, कापसाचा, म्हणजे प्रकृतीने दक्षिणेचाच. आईवडील दोघंही अलाबामाचे. त्या पाच वर्षांच्या असतानाच आई गेली, मावशी एफी टेक्सासात येऊन राहिल्या आणि त्यांनी वाढवलं. उन्हाळे अलाबामातल्या नातेवाइकांकडे जात. बोलण्यातला दक्षिणी हेल तिथलाच.

या बाईंना कुणी शोभेची बाहुली समजू नये. टेक्सास विद्यापीठातून इतिहास आणि पत्रकारिता अशा दोन पदव्या घेतलेल्या. १९३७ मध्ये नवऱ्याच्या पहिल्या निवडणुकीसाठी आईकडून आलेल्या वारशातले दहा हजार डॉलर त्यांनी पुढे केले. दुसऱ्या महायुद्धात जॉन्सन नौदलात गेले तेव्हा त्यांचं वॉशिंग्टनमधलं कार्यालय लेडी बर्ड यांनी चालवलं. पुढे ऑस्टिनमधलं केटीबीसी हे डबघाईला आलेलं रेडिओ केंद्र विकत घेऊन नावारूपाला आणलं. मुळात लाजाळू आणि सभेत बोलायची धास्ती असलेल्या या बाईंनी १९५९ मध्ये चक्क भाषणकलेची शिकवणी लावली होती.

आणखी एक जुना अनुभव इथे मोलाचा ठरतो. ४ नोव्हेंबर १९६० ला, निवडणुकीला चार दिवस उरले असताना, डॅलसच्या अ‍ॅडॉल्फस हॉटेलात गोल्फ-क्लबी वळणाच्या सुखवस्तू रिपब्लिकनांच्या जमावाने जॉन्सन पतिपत्नीला घेरलं होतं. फलक नाचवले गेले, शिव्या झाल्या, काहींनी थुंकल्याचंही सांगतात. जॉन्सन यांनी मुद्दाम घाई केली नाही. हॉटेलचा तो दिवाणखाना दोघांनी सावकाश पार केला, छायाचित्रकारांना हवा तेवढा वेळ देत. एका बाईशी असं वागतात, या गोष्टीची टेक्सासात चीड आली. ते राज्य केनेडी-जॉन्सन जोडीने सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं. या घटनेचा त्यात वाटा किती, हे मोजता येत नाही. पण दक्षिणेत बाईचा अपमान करणाराच उघडा पडतो, हे पतिपत्नींनी त्या दिवशी पक्कं ओळखलं असणार.

गाडीची यंत्रणा

ठरलं ते असं : ६ ऑक्टोबर ते ९ ऑक्टोबर असे चार दिवस, आठ राज्यं, सोळाशेहून अधिक मैल, ४७ थांबे. व्हर्जिनियापासून सुरुवात, मग दोन्ही कॅरोलिना, जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, आणि शेवट लुईझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला. १९ डब्यांची गाडी. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने एवढा मोठा प्रचारदौरा एकटीने काढल्याचं त्याआधीचं उदाहरण नाही. १९४८ मध्ये ट्रुमन रेल्वेने देश फिरले तेव्हा बेस ट्रुमन बरोबर होत्या. भाषण संपलं की नवरा त्यांची ओळख करून देई, त्या हसून हात हलवत, झालं. एलिनॉर रूझवेल्ट १९४० च्या अधिवेशनात बोलल्या होत्या, पण ती एक सभा होती.

रेल्वे का, याचं उत्तर दक्षिणेच्या नकाशात आहे. ज्या मतदारांशी बोलायचं होतं ते विमानतळ असलेल्या शहरांत नव्हते. ते फाट्याच्या गावांत होते, जिथे स्टेशन हाच गावाचा मध्य आणि गाडी येणं ही अजूनही बातमी होती. प्रसिद्धीसचिव लिझ कार्पेंटर मार्ग आखत होत्या, तेव्हा लेडी बर्ड यांनी त्यांना बजावलं की सोपी गावं मला नकोत. अटलांटात कुणीही जाऊन येईल, ती नवी दक्षिण आहे. मला अवघड गावं द्या. अटलांटा मार्गात नाहीच.

कार्पेंटर स्वतः टेक्सासच्या, मुरलेल्या वार्ताहर. गाडीत दोनशेच्या आसपास पत्रकार असतील अशी तजवीज त्यांनी केली, आणि त्यांचं पोट भरण्याचीही. संध्याकाळी पाहुणचाराच्या डब्यात त्या त्या राज्याचे पदार्थ मांडले जात. गाडीवर एकसारख्या पोशाखातल्या यजमानिणी होत्या. गाडी येण्याआधी गावोगाव जाऊन बायकांच्या गाठी घेणं, स्वागत समिती जमवणं, कुणाचा कुणाशी अबोला आहे हे टिपून ठेवणं, हे कामही बायकांनीच केलं. लुईझियानाचे प्रतिनिधिगृहातले सदस्य हेल बॉग्ज यांच्या पत्नी लिंडी बॉग्ज त्यांत आघाडीवर होत्या. पुरुषांच्या प्रचारयंत्रणेत ज्यांना फुलं देण्यापलीकडे काम नसे, त्या इथे निरोप, याद्या, वेळापत्रक आणि रुसवेफुगवे सांभाळत होत्या.

पण सगळ्यात महत्त्वाची चाल गाडी सुटण्याच्या आधीची आहे. लेडी बर्ड यांनी दक्षिणेतल्या सिनेटर आणि गव्हर्नरांना एकेक करून स्वतः फोन केले. तुमच्या राज्यात येते आहे, तुम्ही भेटाल का, एवढंच. मत मागितलं नाही, कायद्याचा विषय काढला नाही. माहेरवाशीण घरी येते आहे, तर दारात उभं राहणार की नाही?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. ज्यांना फोन गेले, त्यांतल्या सिनेटरांनी तीन महिन्यांपूर्वी त्याच कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक सिनेटरांपैकी टेक्सासचे राल्फ यार्बरो सोडले, तर कायद्याच्या बाजूने कुणीच नव्हतं. हे नेते जॉन्सन यांच्या शेजारी उभे राहिले असते, तर मतदारांनी फाडून खाल्लं असतं. पण बाईंना ‘येऊ नका’ म्हणणं त्यांच्याच समाजाच्या रीतीत बसत नव्हतं. लेडी बर्ड यांच्या आमंत्रणाने त्यांना एक पळवाट मिळाली : कायद्याला आमचा विरोध कायम आहे, पण पाहुणीचं स्वागत करायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. या दौऱ्याचं सगळं मर्म मला या पळवाटेत दिसतं. उमेदवार समोर असला की हो किंवा नाही म्हणावं लागतं. बायको समोर असली की दोन्ही न म्हणता शेजारी उभं राहता येतं, आणि छायाचित्र तर निघतंच.

गाडीवरची पद्धतही त्याला साजेशी होती. स्थानिक नेते एखादं स्टेशन आधी चढत, डब्यांमधून मागे येत, लेडी बर्ड यांच्याबरोबर चार शब्द बोलत, आणि आपल्या गावात गाडी थांबली की शेवटच्या डब्याच्या मागच्या सज्जावर त्यांच्या शेजारी दिसत. पुढच्या थांब्याला उतरत. सभेची व्यवस्था नाही, मिरवणूक नाही, जबाबदारी घ्यावी लागेल असं भाषण नाही.

तरी काही जण आलेच नाहीत. जॉन्सन यांचे राजकीय गुरू म्हणावेत असे जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल प्रचारात उतरले नाहीत. व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड गप्प राहिले. आणखी कुणाला नेमकी त्याच आठवड्यात दुसरी कामं निघाली. हे नकारही सभ्य होते, म्हणजे कारणासहित होते. तोंडावर ‘नाही’ कुणी म्हटलं नाही.

सभांमध्ये सूत्रसंचालन बहुधा हेल बॉग्ज करत. दक्षिणी जेवणाच्या, रश्शाच्या आणि ग्रिट्सच्या गप्पा मारत ते गर्दी हसती ठेवत. याच बॉग्ज यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. पुढल्या वर्षी मतदान हक्क कायद्याला मात्र त्यांनी पाठिंबा दिला. गाडीने त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण दोन मतांच्या मधल्या काळात माणूस कुठे उभा होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोलंबिया, चार्ल्सटन

६ तारखेला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला पहिली सभा झाली. जॉन्सन निरोप द्यायला आले होते. मला दक्षिणेचा अभिमान आहे, मी दक्षिणेचीच आहे, आणि तुम्ही आम्हाला परके नाहीत हे सांगायला आले आहे, असा लेडी बर्ड यांच्या बोलण्याचा आशय. कायद्याचा विषय त्यांनी टाळला नाही, पण तो मांडायची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना हा कायदा आणि त्याला राष्ट्राध्यक्षांनी दिलेला पाठिंबा पटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण दक्षिणेला सरळपणाची आणि धैर्याची कदर आहे, आणि त्यांनी दोन्ही दाखवलं आहे, असं त्या म्हणत. म्हणजे कायद्याची बाजू मांडायची ती दक्षिणेच्याच गुणांची साक्ष काढून. वाद घालायला समोरच्याला जागाच उरत नाही.

पहिला दिवस तसा बरा गेला. रिचमंडला गोल्डवॉटर समर्थकांचे फलक दिसले, पण त्यांत चेष्टा जास्त होती. रात्री उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहरात जॉन्सन पुन्हा येऊन मिळाले आणि तिथे मोठी सभा झाली.

दुसऱ्या दिवशी दक्षिण कॅरोलिना लागलं आणि रंग पालटला. राजधानी कोलंबियात लेडी बर्ड बोलायला उभ्या राहताच घोषणा सुरू झाल्या, त्या थांबेनात. त्यांनी एक हात वर केला आणि म्हणाल्या : मित्रांनो, या देशात अनेक मतं असू शकतात. तुमचं मत मांडायचा तुम्हाला हक्क आहे. पण या क्षणी माझं मत मांडायचा हक्क माझा आहे. गर्दी तात्पुरती का होईना, वरमली. चार्ल्सटनला याहून वाईट होतं. ‘ब्लॅक बर्ड, परत जा’ असा फलक तिथे होता. कृष्णवर्णीयांसाठीच्या शिवीसकट जॉन्सन यांचा उद्धार करणारे फलक होते, त्यांना कम्युनिस्ट ठरवणारेही होते. गोंगाट करणाऱ्यांत पुष्कळसे तरुण होते. हेल बॉग्ज यांनी ध्वनिवर्धकावरून जमावाची खरडपट्टी काढली.

सौजन्याच्या रीतीवर विसंबून आखलेली योजना इथे तिच्या टोकाला पोचली. पुढाऱ्यांना ती रीत बांधत होती. जमावातल्या पोरांना बांधत नव्हती. पण मला वाटतं, योजनेचा दुसरा, न बोललेला भाग इथेच सुरू होतो. डॅलसच्या हॉटेलात घडलं तेच पुन्हा घडत होतं, आणि या वेळी दोनशे पत्रकार गाडीतच बसलेले होते. हातमोजे घातलेली, मवाळ आवाजात बोलणारी बाई आणि तिच्यावर ओरडणारा जमाव, हे दृश्य देशभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. लेडी बर्ड यांनी जमावाला चिथावलं नाही. त्याचा प्रतिवादही केला नाही. त्याला फक्त दिसू दिलं.

धोका मात्र खराच होता. गाडीच्या पुढे एक वेगळं इंजिन सोडलेलं असे, रुळांवर काही पेरलेलं असेल तर ते आधी त्याच्याखाली फुटावं म्हणून. फ्लोरिडातल्या एका लांबलचक पुलाबद्दल बाँबची धमकी आली तेव्हा तो पूल तपासून मगच गाडी पुढे गेली. दोन्ही मुली, वीस वर्षांची लिंडा आणि सतरा वर्षांची ल्यूसी, आळीपाळीने दोन दोन दिवस गाडीत होत्या. एखाद्या उमेदवाराने बायको-मुलींना अशा प्रवासावर पाठवावं का, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला असेल. पण ‘पाठवावं’ या शब्दात गृहीत धरलेली आज्ञा इथे लागू पडत नाही. जाण्याचा आग्रह लेडी बर्ड यांचाच होता.

जॉर्जियात सव्हाना आणि पुढची गावं, मग फ्लोरिडाची उत्तरेकडची पट्टी, टॅलाहासी. अलाबामात आजोळचे नातेवाईक भेटायला आले. मोबील, आणि मिसिसिपीत किनाऱ्यावरचं बिलॉक्सी. मिसिसिपीचा मोठा भाग गाडीने वळसा घालून टाळला, हे इथे नोंदवायला हवं. त्याच उन्हाळ्यात त्या राज्यात तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचे खून झाले होते. ‘अवघड गावं द्या’ या वाक्यालाही मर्यादा होती.

न्यू ऑर्लिन्स आणि त्यानंतरचा आठवडा

९ तारखेच्या संध्याकाळी गाडी न्यू ऑर्लिन्सच्या स्टेशनात शिरली तेव्हा जॉन्सन फलाटावर वाट पाहत होते. त्या रात्री जुंग हॉटेलातल्या भोजनप्रसंगी त्यांनी जे भाषण केलं, ते अनेकांच्या मते त्यांच्या प्रचारातलं सर्वांत धाडसी. कायदा मी केला आहे आणि तो मी राबवणार, हे त्यांनी दक्षिणेच्या भूमीवर सांगितलं. एका म्हाताऱ्या सिनेटरची गोष्ट सांगितली : आपल्या राज्यात जाऊन गरिबीबद्दल, साधनसंपत्तीबद्दल एक खरंखुरं डेमोक्रॅटिक भाषण करावं असं त्याला वाटे, कारण निवडणूक आली की तिथल्या लोकांना एकच शब्द ऐकवला जातो, कृष्णवर्णीयांची भीती घालणारा. श्रोते आधी अवाक झाले, मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

नवराबायकोच्या कामाची वाटणी या चार दिवसांत लख्ख दिसते. कडू बोलण्याआधी गोड बोलून ठेवणारं माणूस लागतं, आणि ती गाडी आधी येऊन गेली नसती तर न्यू ऑर्लिन्सचं भाषण तितकंच ऐकून घेतलं गेलं असतं का, याची मला शंका आहे. ऑक्टोबर संपता संपता जॉन्सन स्वतः जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनात सभांना गेले. कोलंबियातसुद्धा.

गाडी दक्षिण कॅरोलिनात असतानाच, ७ तारखेच्या रात्री, वॉशिंग्टनमध्ये जॉन्सन यांचे पंचवीस वर्षांपासूनचे विश्वासू सहायक वॉल्टर जेन्किन्स यांना समलिंगी संबंधांच्या आरोपावरून अटक झाली. आठवड्याने बातमी फुटली. प्रचार ऐन भरात, सल्लागारांचा एकच धोशा : अंतर राखा. लेडी बर्ड यांनी नवऱ्याला फोन करून सांगितलं की जेन्किन्सना आपण उघड आधार दिला पाहिजे. जॉन्सन कचरत होते. हे संभाषण ध्वनिमुद्रित आहे. त्यातला लेडी बर्ड यांचा आवाज मऊ आहे, पण मागे हटत नाही. शेवटी त्यांनी आपल्या नावाने निवेदन काढलं. देशसेवा करता करता थकून गेलेल्या माणसासाठी माझं मन दुखतं आहे, अशा अर्थाचं. जॉन्सन यांना स्वतःच्या तोंडून जे म्हणता येत नव्हतं ते इथेही बायकोने म्हटलं. फरक एवढाच की या वेळी त्यांचा होकार मिळेपर्यंत ती थांबली नाही.

हिशेब

३ नोव्हेंबरला जॉन्सन ६१ टक्के मतांनी आणि ५२ विरुद्ध ४८६ इलेक्टोरल मतांनी जिंकले. गोल्डवॉटर यांना सहाच राज्यं मिळाली : त्यांचं स्वतःचं अ‍ॅरिझोना, आणि दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना. गाडी गेलेल्या आठांपैकी पाच राज्यं हरली. जॉर्जियाने पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. मिसिसिपीत गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मतं पडली.

एवढ्यावर थांबलं तर दौरा फसला असं म्हणावं लागेल. पण उरलेली तीन राज्यं पाहा. उत्तर कॅरोलिना राखलं, हे अपेक्षित होतं. व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा मात्र सलग तीन निवडणुकांनंतर डेमोक्रॅटिक पक्षाकडे परत आले. फ्लोरिडात जॉन्सन यांना जेमतेम ५१ टक्के मतं होती. व्हर्जिनियात त्या पक्षाला पुढचा असा विजय थेट २००८ मध्ये मिळाला.

याचं श्रेय गाडीला द्यायचा मोह होतो, तो आवरावा. जानेवारी १९६४ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती मंजूर होऊन राष्ट्रीय निवडणुकांत मत देण्यासाठी भरावा लागणारा कर (पोल टॅक्स) रद्द झाला होता, आणि तो कर ज्या मोजक्या राज्यांत उरला होता त्यांत व्हर्जिनिया होतं. कृष्णवर्णीय मतदार तिथे वाढले आणि त्यांनी जॉन्सनना जवळपास एकगठ्ठा मतं दिली. उलट मिसिसिपीत मतदानाला पात्र अशा कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातही नोंदलेले नव्हते. निकालांतला हा फरक पत्नीच्या भाषणांपेक्षा मतदारयादीने जास्त समजतो.

इथेच माझा या दौऱ्यावरचा मुख्य आक्षेप आहे. लेडी बर्ड यांची भाषणं गोऱ्या दक्षिणेला उद्देशून होती. वंशावरून देश दुभंगणं ही आपत्ती ठरेल असं त्या म्हणाल्या, धीटपणे म्हणाल्या. स्टेशनांवर कृष्णवर्णीय लोकही येत, मुलांना खांद्यावर घेऊन येत. पण रुसलेल्या नातेवाइकांची समजूत काढणं हेच काम ठरलेलं असताना, ज्यांनी आयुष्यभर सोसलं त्यांच्याशी थेट बोलायला त्या भाषणांत फारशी जागा नव्हती. निकालात मदत मात्र त्यांचीच झाली.

तिकडे गोल्डवॉटर यांच्या पत्नी पेगी यांना सभेत बोलायला आवडत नसे. त्या बहुधा व्यासपीठावर नुसत्या बसत. (माहेरचं आडनाव, योगायोगाने, जॉन्सन.) १९३० च्या दशकात फीनिक्समध्ये कुटुंबनियोजनाचं काम उभं करणाऱ्यांत त्या होत्या, म्हणजे सांगण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं असं नाही. त्यांच्या पक्षाने विचारलं नाही आणि त्यांनी आपण होऊन पुढाकार घेतला नाही. गोल्डवॉटर खोल दक्षिणेत तरीही जिंकले. पत्नीच्या प्रचाराचं मोल ठरवताना हा उलटा पुरावाही पुढ्यात ठेवावा.

तरी पक्षाच्या बाजूने एक गोष्ट पदरात पडलीच. दक्षिणेतले बहुतेक डेमोक्रॅटिक पदाधिकारी थरमंड यांच्या मागून गेले नाहीत. कायद्याला शिव्या देत, पण पक्षातच राहिले. त्यांतल्या कित्येकांचं १९६४ मधलं जॉन्सन घराण्याबरोबरचं छायाचित्र गाडीच्या मागच्या सज्जावरचं आहे. एकट्याने प्रचार करणारी पत्नी हे पुढे नेहमीचं दृश्य झालं. १९७६ मध्ये रोझलिन कार्टर नवऱ्यापासून वेगळं वेळापत्रक घेऊन महिनोन्‌महिने फिरल्या, तेव्हा कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

आणि गाडीवरच्या बायकांचं? हेल बॉग्ज यांचं विमान ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात बेपत्ता झालं. त्यांच्या रिकाम्या जागी मार्च १९७३ मध्ये लिंडी बॉग्ज निवडून आल्या, लुईझियानातून प्रतिनिधिगृहात गेलेल्या पहिल्या महिला. नवऱ्याची जागा विधवेला, अशी अमेरिकेतही जुनी रीत आहे, आणि ती एका मुदतीत आटोपते असा अनुभव. लिंडी बॉग्ज १९९१ पर्यंत तिथे होत्या.